मूल लहान आहे तोवरच: नाशिकच्या नव्या आईबापांसाठी

नाशकात नवं बिऱ्हाड थाटलं की कामांची यादी ठरलेली असते. सातपूर नाहीतर अंबडच्या कंपनीत हजेरी, पाथर्डी फाट्याला किंवा म्हसरूळकडे भाड्याचा फ्लॅट, गॅसचं कार्ड, बाळाची लस कुठे मिळते, पुढे शाळा कोणती. मी पालकांच्या बैठका घेते तेव्हा प्रश्नही याच यादीतले येतात. वजन वाढत नाही, जेवत नाही, मोबाईल सोडत नाही. ‘आमच्या घरात रोज भांडणं होतात, पोराच्या तब्येतीवर काही परिणाम होईल का?’ असं भर बैठकीत कोणी विचारत नाही. बैठक संपल्यावर, दाराशी चपला घालता घालता, एखादी हळूच विचारते. तिथे उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

परिणाम होतो. आणि तो फक्त मनावर होत नाही.

आधी थोडं समजून घ्या

१९८०च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं वजन झपाट्याने उतरतंय असेच काही रुग्ण मधूनच येणं बंद करतात. खोलात जाऊन विचारपूस केली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठी पाहणी केली, तिचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सुमारे १७,००० प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं आणि ती उत्तरं त्यांच्या आजच्या आजारांशी ताडून पाहिली. ही माणसं गरीब वस्तीतली नव्हती. बहुतेक शिकलेली, आरोग्य विमा असलेली, मध्यमवर्गीय. म्हणून ‘हे झोपडपट्टीतलं, आमच्याकडे असलं काही नसतं’ असं गंगापूर रोडच्या बंगल्यातून म्हणण्यात अर्थ नाही.

विचारलेल्या गोष्टी पुढे दहा गटांत मांडल्या गेल्या. पाच थेट मुलाबद्दलच्या: मारहाण, सतत अपमान आणि धाक, लैंगिक अत्याचार, खाण्यापिण्या-औषधपाण्याची हेळसांड, आणि मायेची हेळसांड. उरलेल्या पाच घरातल्या मोठ्यांबद्दलच्या: आईला होणारी मारहाण, दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन, गंभीर मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, आईवडील वेगळे होणं, घरातलं कोणी तुरुंगात जाणं. यांतल्या चार किंवा त्याहून जास्त गोष्टी वाट्याला आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. हृदयविकार, कर्करोग, फुफ्फुसांचे जुनाट आजार, यकृताचे आजार यांचं प्रमाणही अशा गोष्टींचा आकडा वाढेल तसं चढत गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने असा अंदाज मांडला, की बालपणीचे हे आघात टाळता आले तर प्रौढांमधलं नैराश्य ४४ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकेल.

शरीरात नेमकं होतं काय? भीती वाटली की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं स्रवतात, छाती धडधडते, रक्तातली साखर वाढते. धोका टळला, कोणी जवळ घेतलं, की सगळं पुन्हा जागेवर येतं. परीक्षेची धास्ती, गुडघा फुटणं, आजोबा जाणं हे सगळं मूल पचवतं, सोबतीला माणूस असेल तर. पण धोका रोजचाच असेल आणि जवळ घेणारं कोणी नसेल, तर टाकी भरून वाहू लागली तरी मोटार चालूच, अशी गत होते. मेंदू घडत असतो त्याच वर्षांत ही संप्रेरकं सतत चढलेली राहिली, की झोप, लक्ष, राग आवरण्याची ताकद, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर त्याचा भार पडतो. शिवाय असा मोठा झालेला माणूस त्या अस्वस्थतेवर बिडी, दारू, खाणं असले उतारे शोधतो, आणि चाळिशीत डॉक्टर त्याला ‘व्यसनं सोडा’ एवढंच सांगतात.

आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांत पाहणी केली होती. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा मागे नव्हते.

ही दहांची यादी वाचून स्वतःचे किंवा मुलाचे गुण मोजत बसू नका. खुद्द अँडा यांनीच नंतर लिहिलं, की हा आकडा समाजाचं चित्र कळावं म्हणून आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला नाही. मला या यादीत महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. दहापैकी पाच गोष्टींत मुलाला कोणी हातही लावलेला नाही, त्या मोठ्यांच्या आयुष्यातल्या आहेत. म्हणून पुढची बहुतेक कामं तुम्हा मोठ्यांनी एकमेकांसाठी करायची आहेत.

पहिलं काम: बाळाच्या आईकडे बघा

बाळंतपणानंतर घरात सगळं लक्ष बाळाकडे जातं. बाळाला तेल, बाळाला टोपी, बाळाचं वजन. आईला विचारलं जातं ते दूध पुरतं का एवढंच. भारतात बाळंत झालेल्या साधारण दर पाच जणींमध्ये एकीला नैराश्य येतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. ती रडेलच असं नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, ‘माझ्याच्यानं होत नाही’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. दोन आठवडे उलटले तरी हेच चाललं असेल, तर ते आजारपण समजा. नखरे नव्हेत, आणि नजरही लागलेली नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येणं अपेक्षित असतं, आणि पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. फ्लॅटमध्ये राहणारे बरेच जण त्यांना दारातूनच परत पाठवतात. तसं करू नका, आत बोलवा, चहा द्या, आणि सासूबाई आतल्या खोलीत असताना आईला त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

नवऱ्याला वेगळं सांगते: रात्रीचं एक उठणं तुमचं. दूध तुम्ही पाजू शकत नाही, पण लंगोट बदलून खांद्यावर टाकून फिरवू शकता. सलग चार तास झोप मिळालेल्या बाईच्या हातून दुपारी मोठ्या पोराला धपाटा कमी बसतो, इतकं ते सरळ आहे.

दुसरं काम: या गावात आपली माणसं शोधा

हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या सुमारे ७०० मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी दशकानुदशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, व्यसनं अशा जोखमीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही कर्तबगार, आत्मविश्वासाची, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात सारखं काय होतं? आईबाप नाही तर आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, असं निदान एक तरी खात्रीचं मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात होतं.

जळगाव, धुळे, बीड, परभणीहून इथे आलेल्या घरांची अडचण नेमकी इथे आहे. आजी गावाला, मावशी पुण्याला. सोसायटीत तीन वर्षं राहून समोरच्या दाराचं आडनाव ठाऊक नसतं. म्हणून हे काम जाणूनबुजून करावं लागतं. ओळखीच्या घरांतली दोन निवडा, जिथे तुमचं मूल तासभर ठेवता येईल आणि त्यांचं तुमच्याकडे. दुसरी पाळी, पहिली पाळी बघून निवडा, म्हणजे तुम्ही कामावर असताना त्यांच्याकडे कोणी तरी घरी असेल. तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर अंगणवाडीत नाव घाला; ती फक्त खिचडीसाठी नसते, आणि तुम्ही भाडेकरू आहात म्हणून कोणी नाव नाकारू शकत नाही. पाळणाघर बघायला जाल तेव्हा वेळ न कळवता जा. स्वयंपाकघर आणि संडासाचं दार बघा. मुलं गप्प बसलेली आहेत की खेळताहेत ते बघा. वीस मुलं आणि पूर्ण शांतता असेल तर मी तिथे मूल ठेवणार नाही.

तिसरं: रोजची दहा मिनिटं

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, मग तिने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा, काही प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून कोसळल्यासारखं होतं. काही मिनिटांचा खेळ हा. आज तो प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही, हातात मोबाईल घेऊन बसलेला कोणताही चेहरा पुरतो.

कामावरून आल्यावर फोन चार्जिंगला लावा, हातपाय धुवा, आणि दहा मिनिटं जमिनीवर बसा. मूल जे करेल त्याला उत्तर द्या. त्याने डबा वाजवला तर तुम्ही वाजवा. ‘भू भू’ म्हणालं तर ‘हो, कुठे गेला रे भू भू?’ म्हणा. शिकवायचं काही नाही, रंग कोणता, ए फॉर काय, काही विचारायचं नाही. इतका वेळही मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी विचारते, आंघोळ घालता की नाही? मग तीच वेळ धरा.

चौथं: हात उगारायचा नाही

इथे बैठकीत सगळे हसतात. ‘आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?’ बिघडलं की नाही ते ज्याचं त्याने बीपीच्या गोळ्यांचं पाकीट बघून ठरवावं. धपाट्याने मूल त्या क्षणी थांबतं हे खरं आहे, म्हणूनच तर ती सवय सुटत नाही. पण ते शिकतं एवढंच, की बाबा समोर असताना करायचं नाही.

मारापेक्षा जास्त खोल जातात त्या काही वाक्यांची आपल्याला लाजही वाटत नाही. ‘तुला कचऱ्यातून उचलून आणलं.’ ‘ताईसारखी गुणी हो, नाहीतर तुला आश्रमात टाकते.’ ‘तू झालास आणि माझं वाटोळं झालं.’ आणि ती भीती घालणं: झोप, नाहीतर बागुलबुवा येईल, गप्प बस, नाहीतर पोलीस नेतील, जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील. उद्या त्या मुलावर खरंच काही प्रसंग आला, तर मदतीला जायची माणसं पोलीस आणि डॉक्टर हीच. त्यांच्याच नावाने आपण त्याला वर्षानुवर्षं घाबरवून ठेवलेलं असतं.

राग तर येणारच. मग करायचं काय? माझ्या बैठकांतल्या आयांना सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अगदीच साधी आहे: मूल सुरक्षित आहे ना बघायचं, आणि स्वतः खोली बदलायची. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचं. ‘आई चिडलीय, पाणी पिऊन येते’ असं मोठ्याने सांगून जायचं, म्हणजे आई सोडून गेली असं त्याला वाटत नाही. शिक्षा द्यायचीच तर केलेल्या गोष्टीशी जोडलेली द्या. दूध सांडलं, पुसायला फडकं दे. भिंत रंगवली, खडू दोन दिवस वर ठेवले. आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत, सगळे भुकेले आणि दमलेले असताना, अभ्यासाला बसवू नका. निम्मी रडारड त्या वेळेतली असते.

तरीही एखाद दिवशी हात उठेल, तोंड सुटेल. त्यानंतरची दहा मिनिटं फार महत्त्वाची. ट्रॉनिक यांच्याच कामातून पुढे आलेली गोष्ट आहे, की चांगल्या जमलेल्या आई-बाळाच्या जोडीचेही सूर जेमतेम ३० टक्के वेळच जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं चालू असतं. म्हणून माघारी जा. खाली बसा, डोळे त्याच्या उंचीवर आणा आणि म्हणा, ‘मी तुला मारलं. ते चुकलं माझं. तू पाटी फेकलीस म्हणून मला राग आला होता, पण मारायला नको होतं. दुखतंय का?’ तिथेच थांबा. ‘पण तू पण ना’ हे शेपूट लावू नका. बापाने पोराची माफी मागितली की वचक जातो असं आजोबा म्हणतील, त्यांना म्हणू द्या.

शाळेचं वेगळं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, वर्गासमोर ‘ढ’ म्हणणं, फी थकली म्हणून बाकावर उभं करणं, यातलं काहीच ‘शिस्त’ या नावाखाली चालत नाही. आधी वर्गशिक्षकांशी एकट्यात बोला. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षणाधिकारी आहेत. प्रवेश घेतानाच विचारून ठेवा: मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, आणि तक्रारपेटी कोण उघडतं?

पाचवं: दारू आणि रात्रीची भांडणं

मतभेद मुलांसमोर झाले म्हणून बिघडत नाही, ते मिटलेलंही त्यांनी बघितलं तर उलट चांगलंच. भांडी फेकणं, आईवर हात टाकणं, ‘मी जीव देते’ म्हणून दार लावून घेणं, हे मात्र मूल झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत असतं. तान्हं बाळसुद्धा आवाजाने ताठ होतं. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

नवरा पिऊन येत असेल आणि आज लगेच काही बदलणार नसेल, तरी मुलासाठी आज काय करता येईल ते ठरवता येतं. पगाराच्या दिवशी संध्याकाळी मुलाला त्या ठरवलेल्या दोनपैकी एका घरी झोपायला पाठवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगून ठेवा, ‘आवाज वाढला की मध्ये पडायचं नाही, काकूंकडे जायचं.’ आणि पुन्हा पुन्हा सांगा की हे तुझ्यामुळे होत नाही. मुलांना हटकून वाटत असतं, आपण गृहपाठ केला असता तर बाबा प्यायले नसते.

व्यसनासाठी १४४४६ हा मोफत सल्ल्याचा राष्ट्रीय क्रमांक आहे. मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, आणि तातडीच्या वेळी ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे बाईला त्याच घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो, घर सोडावंच लागतं असं नाही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, महिलांना आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

सहावं: अंगाची नावं शिकवा

डोकं, खांदे, गुडघे शिकवतो, आणि मधला भाग वगळतो. नाव नसलेल्या जागेबद्दल मूल तक्रार कशी करणार? आंघोळ घालताना, अडीच-तीन वर्षांपासून, बाकी अवयवांसारखंच शांतपणे शू-शीच्या जागेचंही नाव घ्या. तुमच्या घरात जो शब्द असेल तो चालेल, पण तो बाहेरच्या माणसाला कळेल असा असावा.

मग तीन नियम. चड्डीच्या आतल्या जागेला आई-बाबा स्वच्छतेसाठी आणि डॉक्टर आईसमोर तपासण्यासाठी हात लावतात, बाकी कोणी नाही. दुसऱ्या कोणाच्या त्या जागेला आपणही हात लावायचा नाही, कोणी लावायला सांगितलं तरी. आणि ‘आईला सांगू नकोस’ असं कोणी मोठं माणूस म्हणालं की ती गोष्ट त्याच दिवशी आईला सांगायची. वाढदिवसाची गंमत लपवायची असते, अंगाला हात लावल्याची नाही.

हे शिकवून पाहुण्यांसमोर आपणच ते मोडतो. ‘काकांना पापी दे, दे ना, लाजतेय काय!’ ती नाही म्हणाली तर नमस्कार करू दे, टाळी देऊ दे. मुलाचं ‘नको’ घरात चाललं नाही तर बाहेरही त्याच्या तोंडून निघणार नाही. अनोळखी माणसापासून सावध करण्यात आपण सगळा जीव खर्च करतो, पण अशी बहुसंख्य प्रकरणं ओळखीतल्या माणसाकडून घडतात: नातेवाईक, शेजारी, क्लासचे सर, व्हॅनवाले काका. म्हणून माणसं ओळखण्यापेक्षा वागणं ओळखायला शिकवा. आणि मुलग्यांनाही शिकवा.

सातवं: मुलाने सांगितलंच, तर

तुम्ही पोळ्या लाटत असाल आणि पाठीमागून सहज आवाज येईल, ‘मला क्लासला नाही जायचं. सर मांडीवर बसवतात.’ मुलं अशीच सांगतात, अर्धवट, भलत्या वेळी, तुमचा चेहरा जोखत. गॅस बंद करा. आवाज होता तसाच ठेवा. म्हणा, ‘बरं झालं सांगितलंस. माझा विश्वास आहे तुझ्यावर. यात तुझी काही चूक नाही.’ मग फक्त ‘अजून काही सांगायचंय?’ एवढंच. ‘आधी का नाही सांगितलं’, ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे तोंडातून निघू देऊ नका. खोदून खोदून विचारू नका, शब्द पुरवू नका, चार नातेवाइकांपुढे पुन्हा बोलायला लावू नका. तिने जसं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, आणि ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, रुग्णालयात जा. काही औषधं त्या मुदतीतच उपयोगी पडतात. उपचार सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाने मोफत द्यायचे असतात, आणि तपासणीसाठी गुन्हा आधी नोंदलेला असायलाच हवा असं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो की मुलगी. कळलं आणि पोलिसांना कळवलं नाही तर तो गुन्हा आहे, आणि हे बंधन शाळा, डॉक्टर, शेजारी सगळ्यांवर आहे. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवून घेता येत नाही. कोणी या गोष्टी नाकारल्या तर शांतपणे कलम २४ म्हणा. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिचं काम विधी सेवा प्राधिकरणाकडून चालतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, आणि त्या शाळेत, त्या जिन्यात मुलाला अजून बरीच वर्षं वावरायचं असतं.

आठवं: शेजारच्या भिंतीपलीकडचं मूल

तुमचं मूल नीट वाढतंय, पण पलीकडून रोज रडणं ऐकू येतं. सरळ जाऊन ‘मारता का?’ विचारलं की दार बंद होतं आणि रात्री मार वाढतो. त्यापेक्षा मदत घेऊन जा: ‘दमला असाल, बाळाला अर्धा तास आमच्याकडे द्या.’ बऱ्याच घरांत एवढ्याने ताण उतरतो. उतरत नसेल, अंगावर वळ-चटके दिसत असतील, मूल उपाशी किंवा कोंडलेलं असेल, तर १०९८ लावा. चोवीस तास, मोफत, तुमचं नाव गुप्त राहतं. पुढचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती बघतात. उंटवाडीच्या निरीक्षणगृहाच्या आवारात समितीचं कामकाज चालतं. जाण्याआधी फोन करून बैठकीचा दिवस विचारा.

गरिबीमुळे मूल घराबाहेर काढायची वेळ आली असेल तर ते टाळायला पैसे मिळतात. वडील वारलेले, एकटी आई, गंभीर आजार अशा घरांतल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४००० रुपये मिळू शकतात. दोन्हींची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. दाखले जमवताना जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा त्या बाईसोबत कोणी तरी जाणं हीच मोठी मदत असते.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक मूल आहे, ज्याच्याकडे आपण द्राक्षं खाताना बघत नाही. पेठ, सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजूर येतात, ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत. विरळणी आणि डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) दिवसांत आई सकाळपासून मांडवाखाली मान वर करून उभी. तान्हं झोळीत, आणि झोळी हलवायला नऊ वर्षांची ताई, जिची शाळा त्या दिवसापुरती नव्हे तर कायमची सुटत आलेली. बागाईतदार वाचत असतील तर त्यांना माझं सांगणं असं: टोळीतल्या एका वयस्क बाईला पूर्ण हजेरी देऊन मुलं सांभाळायला बसवा, औषधांच्या ड्रमपासून लांब, सावलीत, पाण्याजवळ. एका हजेरीत दहा मुलं जमिनीवर खेळतात आणि ताई गावच्या शाळेत जाते. मुक्कामाच्या गावातल्या अंगणवाडीत या मुलांना आहार आणि लस मिळायला हवी, आणि गाव बदलणाऱ्या मुलांसाठीच्या शिक्षण हमी कार्डावर तिथल्या शाळेत बसता येतं. सेविकेला तुम्ही स्वतः फोन केलात तर ती वस्तीवर लवकर येते.

याच टोळ्यांमध्ये पोरीचं लग्न लवकर उरकण्याची घाई असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागायच्या आधी कळवलं तर लग्न थांबतं, मांडवात पोचल्यावर नुसता तमाशा होतो.

आणि तुमचं स्वतःचं लहानपण

हे वाचताना काहींच्या पोटात गोळा आला असेल. मूल पाच वर्षांचं झालं की आपल्या पाचव्या वर्षातलं काही तरी वर येतं, हे फार जणांचं होतं. त्याबद्दल नवऱ्याशी-बायकोशी एकदा बोलून ठेवा, निदान एवढं तरी: ‘दाराला कडी लावल्याचा आवाज मला सहन होत नाही, तेव्हा मी विनाकारण ओरडते.’ मग दुसऱ्याला कळतं की त्या वेळी मूल उचलून बाहेर न्यायचं. झोप उडाली असेल, दचकून जाग येत असेल, राग आवरतच नसेल तर उपचार आहेत, आणि सगळ्यांना गोळ्याच लागतात असं नाही. डॉक्टरकडे गेल्यावर ‘ॲसिडिटी आहे, डोकं दुखतं’ इथे थांबू नका. ‘लहानपणी घरात खूप मारहाण होती, त्याचं अजून डोक्यात येतं’ हे वाक्य कागदावर लिहून न्या, बोलणं जमलं नाही तर तो कागदच पुढे करा.